अंधाराची मिळकत

दिवसा पाहायचं ठिकाण असलं की पर्यटक फोटो काढून संध्याकाळी शहरातल्या हॉटेलात परततो. गावाच्या वाट्याला चहाचे पैसे. तारे पाहायचे तर मात्र मुक्काम करावाच लागतो, आणि जेवण, अंथरूण, वाटाड्या हे सगळं गावातूनच घ्यावं लागतं. लडाखमधल्या हानलेचं गणित यावरच उभं आहे. तिथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवरच्या भारतीय खगोलीय वेधशाळेभोवती २०२२ मध्ये १,०७३ चौरस किलोमीटरचं 'डार्क स्काय रिझर्व्ह', म्हणजे रात्रीचा अंधार राखायचं क्षेत्र, जाहीर झालं आणि गावकऱ्यांना प्रशिक्षण व दुर्बिणी मिळाल्या. आता अंगणात दुर्बीण लावून शनीचं कडं दाखवणं हाही तिथला रोजगार आहे.

गर्दी वाढली की दिवे वाढतील आणि अंधारच संपेल, हा आक्षेप खरा आहे. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. एका गाडीचे हेडलाइट त्यावर क्षणात पाणी फिरवतात. म्हणून पाहुण्यांच्या संख्येइतकीच दिव्यांवरही मर्यादा हवी. पण त्यामुळे गाव मागास राहील, हे मला मुळीच पटत नाही. वरून झाकलेला, खाली वळवलेला दिवा रस्ता उजळतोच, फक्त आभाळात उजेड उधळत नाही. २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' ठरलेल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत दिवे असेच बदलले गेले. पावसाळ्यात तिथलं आभाळ झाकलेलं असतं, त्यामुळे तारे दाखवण्याच्या कमाईकडे शेतीला जोडधंदा म्हणूनच पाहायला हवं.