हृदयविकाराचा झटका : गावपातळीवरील तातडीची व्यवस्था

सुश्रुताचार्यांनी हृदयाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत गुठळी होऊन मार्ग बंद झाला, की स्नायूंचा नाश मिनिटागणिक वाढत जातो. म्हणून रुग्ण ज्याच्याकडे प्रथम येतो, त्याची जबाबदारी मोठी असते.

धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे फटाका उद्योगासाठी प्रसिद्ध असलेले, धुळे-सोलापूर महामार्गावरील गाव. अशा गावांतील रुग्ण बहुधा प्रथम वैद्यांकडे अथवा औषधाच्या दुकानात येतो आणि ‘पित्त झाले आहे’ असे सांगतो. तेथेच अम्लपित्त व हृच्छूल यांचा विवेक व्हावयास हवा.

१) ओळख : छातीच्या मध्यभागी दाब, वेदना हातात, जबड्यात वा पाठीत जाणे, दरदरून घाम, धाप ही लक्षणे संशयास पुरेशी आहेत. मधुमेही, वृद्ध व स्त्रियांत वेदना अल्पही असू शकते. सोय असल्यास दहा मिनिटांत ई.सी.जी. काढून तज्ज्ञांस पाठवावा. मात्र पहिला आलेख निर्दोष आला म्हणून रुग्णास घरी धाडू नये.

२) प्रथमोपचार : रुग्णास चालू देऊ नये. अॅलर्जी वा रक्तस्राव नसल्यास अॅस्पिरिनची ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची, आवरण नसलेली गोळी वैद्यांच्या सल्ल्याने चावून खाण्यास द्यावी. १९८८ च्या ‘आयसिस-२’ अभ्यासात पाच आठवड्यांतील हृदय-रक्तवाहिन्याजन्य मृत्यू अॅस्पिरिनने २३ टक्के, तर स्ट्रेप्टोकायनेजच्या जोडीने ४२ टक्के कमी झाले. वेदनाशामक सुई स्नायूत टोचू नये. पुढे गुठळी विरघळविणारे औषध दिल्यावर तेथे रक्तस्राव होऊ शकतो. शुद्ध व श्वास हरपल्यास मिनिटास १०० ते १२० या गतीने छातीदाब सुरू करावा. दुकानातील सेवकांनाही हे शिकवावे.

३) योग्य रुग्णालय : राज्यात २०१४ पासून १०८ ही रुग्णवाहिका सेवा आहे व तिच्यावर आपले अनेक बी.ए.एम.एस. बंधु-भगिनी कार्यरत आहेत. १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर गुठळी विरघळविणारे औषध जवळच्या सक्षम रुग्णालयात आधी द्यावे व नंतर रुग्णास मोठ्या केंद्रात न्यावे, हा मान्य क्रम आहे.

हे औषध चोवीस तास कोठे मिळते, ई.सी.जी. कोण वाचतो, अँजिओप्लास्टीची सोय कोठे आहे, याची दूरध्वनी क्रमांकांसह यादी प्रत्येक तालुका शाखेने करावी आणि ती प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात दर्शनी लावावी. रुग्ण दारात आल्यावर ही चौकशी करण्यास अवधी नसतो.