आई खरी, मग अहवाल चुकला कुठे?

सरकारी मदतीसाठी अर्ज केला आणि आईपणावरच शंका आली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या एका तरुणीवर २००२ मध्ये ही वेळ ओढवली. नियमानुसार तिची, जोडीदाराची आणि मुलांची डीएनए चाचणी झाली. वडील जुळले, आई जुळेना. फसवणुकीचा संशय आला, मुले दुरावण्याची भीती निर्माण झाली. तिच्या पुढच्या बाळंतपणाच्या वेळी न्यायालयाने साक्षीदार उभा केला आणि त्याच्यासमोर नमुने घेतले गेले. तरीही अहवाल तोच, बाळ तिचे नाही!

उलगडा झाला बोस्टनमधील एका रुग्णामुळे. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी ५२ वर्षांच्या महिलेच्या कुटुंबाची तपासणी झाली, तेव्हा तीनपैकी दोन मुलगे तिचे नाहीत असे दिसले. डॉक्टरांनी रक्ताशिवाय इतर पेशीही तपासल्या आणि तिच्या शरीरात दोन वेगवेगळे डीएनए सापडले. २००२ मध्येच हे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले.

या अवस्थेला 'कायमेरिझम' म्हणतात. आईच्या पोटात सुरुवातीलाच जुळी भ्रूणे एकमेकांत मिसळतात आणि एकच बाळ जन्माला येते. अशा स्त्रीच्या रक्तात एक डीएनए, तर स्त्रीबीजात दुसरा असू शकतो. मुलाला मिळतो तो स्त्रीबीजातला. त्यामुळे रक्ताच्या चाचणीत आई जणू मावशी ठरते. वॉशिंग्टनच्या तरुणीच्या गर्भाशयमुखातील पेशी तपासल्या, तेव्हा नाते जुळले.

अशी उदाहरणे विरळाच. एरवी अनपेक्षित निष्कर्षामागे न सांगितलेले दत्तकविधान, दात्याचे शुक्राणू किंवा विवाहबाह्य संबंध असू शकतात. कधी नमुन्यांची अदलाबदलही. आपल्याकडे जवळच्या नातेवाइकाने मूत्रपिंड देताना नाते सिद्ध करावे लागते. तिथेही एखादे गुपित अचानक उघड होऊ शकते.

त्याची सर्वाधिक झळ मुलाला बसते. म्हणूनच पती-पत्नीच्या वादात मुलाच्या डीएनए चाचणीचा आदेश सरसकट देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

चाचणीआधीच जनुकीय समुपदेशकाशी बोलावे. नको असलेली माहिती समोर आली तर ती कोणाला सांगायची, हे ठरवावे. आणि निष्कर्ष धक्कादायक असेल, तर घरात वाद पेटण्यापूर्वी नव्या नमुन्यावर फेरतपासणी करून घ्यावी.