दूधआईचा खण

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे ठरलेलंच. मीही कराडला सगळी तयारी करून बसले होते. अळीव निवडून डब्यात भरले होते, डिंक आणला होता, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून, धुऊन, घड्या घालून ठेवली होती. लेक रविवारी येणार होती. आणि बुधवारी रात्री जावयांचा फोन आला, "आई, तुम्हीच या. तिला सायन हॉस्पिटलला ॲडमिट केलंय."

सकाळची कोयना एक्स्प्रेस पकडली. संध्याकाळी दादरला उतरले तेव्हा आजी झाले होते. पण पेढे वाटावेत असं कुणाच्या चेहऱ्यावर दिसेना. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेली मुलगी. वजन एक किलो पाचशे वीस ग्रॅम. माझ्या हातातल्या पिशवीतला डिंकाच्या लाडवांचा डबा तिच्यापेक्षा जड होता.

लेक-जावई दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यामुळे घर अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत. ही वसाहत म्हणजे एक छोटं गावच आहे, सेक्टर एकपासून सातपर्यंत. एकसारख्या इमारती, मध्ये मोठमोठी झाडं आणि जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर वेगळी भाषा. दोन खोल्यांचं घर, गॅलरीत दोऱ्या. पावसाळ्याचे दिवस. मी मनाशी म्हटलं, इथं शेगडी कुठं ठेवायची नि धुरी कुठं द्यायची? पण ती काळजी करायची वेळच आली नाही. बाळ काचेच्या पेटीत होतं, लेक हॉस्पिटलातच राहत होती आणि मी अँटॉप हिल ते सायन असा डबा पोहोचवत होते.

तिसऱ्या दिवशी खरी परीक्षा झाली. लेकीला दूध नव्हतं. म्हणजे अगदीच नव्हतं असं नाही, पण दाबून दाबून काढलं तरी वाटीचा तळ ओला होईल इतकंच. सिस्टर धीर देत होत्या, "येईल, येईल, थेंब थेंब आलं तरी काढत राहा, तो चीक आहे, बाळाचं औषध आहे ते." आपल्याकडे पूर्वी हाच चीक पिळून टाकून द्यायचे, माझ्या वेळी टाकलाच होता. पण बाळाला दर दोन तासांनी नळीनं दोन-दोन मिली दूध द्यायचं होतं आणि तेवढंही निघत नव्हतं. मग डॉक्टरांनी विचारलं, "आमच्या दूधपेढीतलं दूध देऊ या का? तुमची संमती हवी."

मी पटकन बोलून गेले, "कुणाचं दूध? कुठल्या बाईचं?"

मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या मनात सगळं आलं. कोण असेल, कुठली असेल, काय खात-पीत असेल, काही आजार असेल तर? आणि त्याच्याही खालचं, जे आपण मोठ्यानं बोलत नाही, तेही आलं. लेकीनं माझ्याकडे नुसतं बघितलं. काही न बोलता तिनं कागदावर सही केली.

डॉक्टर बाई वयानं माझ्या लेकीएवढ्याच, पण त्यांनी मला बाजूला बसवून नीट समजावलं. ज्या आयांना आपल्या बाळाला पुरून उरेल इतकं दूध येतं, त्या ते देतात. देणाऱ्या बाईची आधी रक्ततपासणी होते, एचआयव्ही, कावीळ ब, गुप्तरोग सगळं बघतात. मग चार-पाच जणींचं दूध एकत्र करून साडेबासष्ट अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवतात, म्हणजे जंतू मरतात आणि दुधातला गुणही बराचसा टिकतो. त्यानंतर पुन्हा त्याची तपासणी. ते निर्दोष निघालं तरच बाळांना, नाहीतर मोरीत. तोवर ते उणे वीस अंशात गोठवून ठेवतात. पैसे घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत. आईचं दूध पुरेसं येईपर्यंतच द्यायचं. "पावडरचं दूध या बाळांच्या आतड्यांना सोसत नाही, आजी," त्या म्हणाल्या. "आतड्याला सूज येऊन बाळं दगावतात. म्हणून हे."

ही पेढी आजकालची असेल असं मला वाटलं होतं. तर ती १९८९ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली. आशिया खंडातली पहिली! डॉ. आर्मिडा फर्नांडिस तिथं नवजात बाळांच्या विभागात होत्या, त्यांनी ती सुरू केली. म्हणजे माझी लेक जन्मायच्याही आधीपासून सायनमध्ये हे चाललेलं होतं, आणि आम्हाला मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांकडून फक्त सिनेमाच्या नि साड्यांच्या बातम्या कळत होत्या.

त्या रात्री अँटॉप हिलच्या घरी मला झोप येईना. आणि मग एकदम सासूबाईंची गोष्ट आठवली. माझे यजमान दोन महिन्यांचे असताना सासूबाईंना विषमज्वर झाला. दूध आटलं. तेव्हा शेजारच्या कुंभारणीनं तिच्या लेकराबरोबर यांनाही पाजलं, दीड महिना. ती असेपर्यंत दर दिवाळीला तिला आमच्या घरून लुगडं जायचं. दूधआई म्हणायचे तिला हे. मी स्वतः तिच्या पाया पडले होते नवी नवरी असताना. मग माझ्या नातीच्या वेळीच माझ्या पोटात का गोळा यावा? सकाळी ही गोष्ट लेकीला सांगितली. ती म्हणाली, "हे तू मला परवा सांगायचंस ना गं."

पाचव्या दिवशी लेकीला दूध आलं. आलं म्हणजे भरभरून आलं. श्रेय कुणाला द्यायचं? सिस्टर म्हणायच्या, बाळाला छातीशी धरल्यामुळे. त्याला कांगारूची पद्धत म्हणतात. बाळाच्या अंगावर फक्त टोपी नि लंगोट, त्याला आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं आणि वरून दोघांना पांघरूण. तासन् तास. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबिया देशातल्या डॉक्टरांनी पेट्या कमी पडायला लागल्या तेव्हा ही युक्ती काढली. जावयांनीही शर्ट काढून लेकीला असं धरलं. आमच्या पिढीतल्या कुणा बाप्यानं केलं असतं का हे? मी तोंड फिरवून हसले, पण डोळ्यांत पाणी आलं.

अर्थात, वसाहतीतल्या बायकांचं मत वेगळं होतं. समोरच्या तमिळ मामी रोज दुधात लसूण शिजवून द्यायच्या, "हिनं नक्की येतं." खालच्या मजल्यावरच्या बिहारी भाभींनी सुंठ-गुळाचे लाडू दिले, सोंठौरा म्हणतात त्याला. कोळीवाड्याकडे राहणाऱ्या जावयांच्या सहकाऱ्याच्या आईनं पंजिरी पाठवली, डबाभर तूप असलेली. माझे डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर होतीच. बिचारी लेक! म्हणायची, "आई, मी बाळंतीण आहे की राष्ट्रीय एकात्मता?"

एक दिवस इतका पाऊस झाला की जीटीबी नगर स्टेशनच्या बाजूला गुडघाभर पाणी. टॅक्सी मिळेना. मामी म्हणाल्या, जाऊ नका. पण तिचा डबा? मी साडी खोचली, डबा डोक्याशी धरला आणि जावयांच्या मागं मागं चालत निघाले. कराडला पुराचं पाणी बघितलेलं आहे, पण त्यातून भाकरी न्यायची पाळी कधी आली नव्हती. पोहोचले तेव्हा लेक दूध काढत बसली होती. बाळाला तेव्हा एका वेळी वीस मिली लागायचं आणि हिला शंभरच्या वर येत होतं. उरलेलं? तिनं पेढीच्या बाटलीकडे मान हलवली. रक्ततपासणी आदल्या आठवड्यातच झाली होती तिची. मला सांगितलंही नव्हतं. पाच दिवस घेतलेलं असं फिटायला लागलं होतं.

चोविसाव्या दिवशी नात घरी आली, एक किलो आठशे. आणि मग सुरू झाला खरा संसार. जावयांनी आपली पंधरा दिवसांची पितृत्व रजा तोवर राखून ठेवली होती. केंद्र सरकारी नोकरांना ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत केव्हाही घेता येते. "ती हॉस्पिटलात असताना मी घरी बसून काय करणार होतो?" ते म्हणाले. रात्रीची एक पाळी त्यांची. दर दोन तासांनी गजर लावून बाळाला उठवून पाजायचं, कारण अशी बाळं भुकेनं रडतही नाहीत, झोपूनच राहतात. लंगोट वाळत नव्हते. पंख्याखाली दोरी, स्वयंपाकघरात दोरी. डाळीला फोडणी देताना डोक्यावर दुपटं टपटपायचं.

विहीणबाई आठ दिवसांसाठी आल्या आणि सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवायला निघाल्या. मला धुरी द्यायची होती. लेकीनं दोघींनाही हात जोडले. वर्षाच्या आत मध नाही, त्यातल्या जंतूंनी बाळाला लकवा मारू शकतो. धूर नाही, फुप्फुसं कोवळी आहेत. घुटी नाही, ग्राइप वॉटर नाही, पाणीसुद्धा नाही, सहा महिने फक्त आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब. आंघोळही वजन वाढेपर्यंत नाही, नुसतं पुसून घ्यायचं. विहीणबाई जरा घुश्शात गेल्या. मीही दोन दिवस गप्पच होते. चार बाळंतपणं काढलेल्या बाईला कुणी कागद वाचून दाखवला की लागतंच. पण तेल लावायला परवानगी होती. हलक्या हातानं खोबरेल चोळताना ती एवढीशी पावलं लांब करायची, तेव्हा माझा राग कुठल्या कुठं जायचा.

एक गोष्ट मात्र माझ्या कराडच्या मैत्रिणींना मी आवर्जून सांगते, तुम्हालाही सांगते. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोच्या आतल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत खास डॉक्टरांकडून तपासून घ्यावे लागतात. वरून डोळे छान दिसतात, पण आतला पडदा बिघडत असू शकतो आणि वेळेत कळलं तर नजर वाचते. कानांचीही तपासणी असते. खेड्यात आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्यांना विचारा. जिल्हा रुग्णालयातही अशा बाळांसाठी वेगळा कक्ष असतो. आमच्या नातीचे डोळे चांगले निघाले. त्या दिवशी मात्र मी पेढे वाटले, साऱ्या जिन्यात.

बारावा दिवस काचेच्या पेटीतच गेला होता, म्हणून बारसं दीड महिन्यानं केलं. पाळणा आणायला जागा नव्हती. साडीची झोळी बांधली, तिला मामींनी मोगऱ्याचा गजरा लावला. ओट्या भरताना माझ्या मनात आलं, दूधआईची ओटी? पण ती कोण? चार-पाच जणींचं एकत्र केलेलं दूध, नाव-गाव कुणालाच ठाऊक नाही. तरी मी एक खण, नारळ आणि तांदूळ बाजूला काढून ठेवले.

बाळाला तपासायला नेलं तेव्हा ते सिस्टरांपुढे ठेवलं. त्या हसल्या. "आजी, आम्हाला काही घेता येत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या बाईचं इथं कुणीच नाही. नवरा कामावर जातो, घरचे गावाला."

धारावीतली होती म्हणे, मूळची उत्तर प्रदेशातली. बाळ पेटीत, चौथा दिवस. हातातल्या वाटीचा तळ जेमतेम ओला. मी तिची ओटी भरली. तिला ओटी म्हणजे काय ते कळलं नसावं, पण तिनं पदर पुढं केला. लेकीनं तिच्या शेजारी बसून हिंदीत सांगायला सुरुवात केली, "हमको भी पहले ऐसे ही था..."

माझी गाडी सुटायची वेळ होत आली होती. जावई बाहेर घड्याळ बघत उभे होते. मी आणखी दहा मिनिटं तिथंच बसले.