माळ्यावरचा व्हिडिओ गेम संगणकावर

सुट्टीत माळा आवरताना बऱ्याच घरी एक पिवळट पडलेला व्हिडिओ गेमचा डबा सापडतो. नव्वदच्या दशकात लष्करातल्या घराघरांतून हा डबा टीव्हीला जोडून मारिओ आणि काँट्रा खेळणारी मुले आज आपल्या विद्यार्थ्यांचे बाबा, मामा, आत्या झाली आहेत. डबा आता सहसा चालत नाही. ते खेळ संगणकावर कसे खेळावेत, असे बरेच विद्यार्थी विचारतात. बहुतेकांची अडचण एकच असते. तीन वेगळ्या गोष्टी ते एकच समजतात.

पहिली गोष्ट म्हणजे खेळाची फाइल, जिला 'रॉम' म्हणतात. कार्ट्रिजच्या चिपमध्ये जे होते तेच जसेच्या तसे हिच्यात असते. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये मावतो. मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो!

दुसरी गोष्ट इम्युलेटर. निंटेन्डो कंपनीने १९८३ मध्ये जपानमध्ये 'फॅमिकॉम' हे यंत्र काढले. आपल्याकडच्या बाजारातले बरेचसे डबे याच यंत्राच्या नकला होत्या. इम्युलेटर हा प्रोग्रॅम बहुरूप्यासारखा त्या यंत्राचे सोंग घेतो. खेळाची एकेक आज्ञा वाचतो आणि मूळ यंत्राने जे केले असते ते आपल्या संगणकाकडून करवून घेतो.

तिसरी गोष्ट लाँचर. त्याचे काम ग्रंथपालाचे. सगळे खेळ चित्रांसह मांडून ठेवायचे आणि मागितलेला खेळ योग्य इम्युलेटरच्या हाती द्यायचा. तो स्वतः काहीही चालवत नाही.

विंडोजवर यासाठी रेट्रोआर्क हा इम्युलेटर आणि प्लेनाइट हा लाँचर घ्यावा. दोन्ही मोफत आहेत. दोन्ही त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावेत, कारण 'हजार गेम फुकट' अशा पानांवर व्हायरस हमखास भेटतो. रेट्रोआर्क एकटा काहीच खेळवू शकत नाही. प्रत्येक यंत्रासाठी त्याला एक 'कोअर' लागतो. 'लोड कोअर' मध्ये 'डाउनलोड अ कोअर' निवडून फॅमिकॉमसाठी एफसीईयूएमएम घ्यावा. मग खेळ आधी रेट्रोआर्कमध्येच उघडून पाहावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर लाँचरला दोष देत बसतात. इथे चालला नाही तर चूक फाइलीत किंवा कोअरमध्ये आहे. इथे चालला आणि लाँचरमधून चालला नाही, तर चूक जोडणीत आहे.

जोडणी सोपी आहे. प्लेनाइटमधील 'लायब्ररी' मेनूत 'कॉन्फिगर इम्युलेटर्स' उघडून रेट्रोआर्कचे फोल्डर दाखवावे. ते तो ओळखतो. त्यानंतर रॉम ठेवलेले फोल्डर तपासायला सांगावे. पुढे फोल्डर हलवले तर जोडणी तुटते, म्हणून जागा आधीच ठरवावी.

आता कायद्याची बाजू. इम्युलेटर वापरणे गुन्हा नाही, पण दुसऱ्याच्या खेळाची फाइल उतरवणे ही चोरीच. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत काढता येते. मात्र माळ्यावरची ती '९९९९ इन १' कार्ट्रिज मुळातच नक्कल होती, तेव्हा तिचा आधार घेता येणार नाही. (तिच्यात खेळही नऊ हजार नव्हते. मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत, हे मोठ्यांना आठवत असेल.) सुरुवातीला 'नोव्हा द स्क्विरल' सारखा खेळ घ्यावा. तो याच यंत्रासाठी नव्याने लिहिलेला असून लेखकानेच मोफत दिला आहे.

शेवटी घरातल्या मोठ्यांसाठी. जुना खेळ संगणकावर लावला की ते पहिल्याच खड्ड्यात पडतात आणि "वय झालं, हात चालत नाही" म्हणून कंट्रोलर खाली ठेवतात. दोष वयाचा नसावा. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत असे, आपल्याकडचा पाल पद्धतीचा ५० वेळा. खेळाची चाल या आकड्याला बांधलेली असल्यामुळे पाल पद्धतीच्या डब्यावर तोच मारिओ सुमारे एक षष्ठांशाने संथ धावे. उडीचा अंदाज बोटांत त्या चालीने बसलेला आहे, आणि इम्युलेटर सहसा मूळची ६० ची चाल धरतो. खेळ चालू असताना एफ१ दाबावे, 'कोअर ऑप्शन्स' मध्ये 'रीजन' शोधावे आणि 'ऑटो' ऐवजी 'डेंडी' निवडावे. डेंडी हे रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या अशाच एका नकली डब्याचे नाव. संगणकाचा पडदा ६० चाच असेल तर चित्र अधूनमधून किंचित अडखळेल, पण उडी जागेवर पडेल.