दुर्बिणीचा आरसा घासताना

समान व्यासाच्या दोन जाड काचेच्या तबकड्या घ्याव्यात, त्यांच्यामध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि थोडे पाणी घालावे, खालची तबकडी स्थिर ठेवून वरची तिच्यावर पुढेमागे सरकवावी, अधूनमधून वरच्या काचेला किंचित वळसा द्यावा आणि आपणही तिच्याभोवती एकेक पाऊल सरकत जावे. एवढाच क्रम धीराने चालू ठेवला, तर वरची काच मध्यभागी खोल होत जाते, खालची तितकीच फुगत जाते, आणि दोन्ही पृष्ठभाग अखेरीस एकाच गोलाचे अंश बनतात. परावर्ती दुर्बिणीचा आरसा घरी घडविण्याची सारी विद्या या एका वस्तुस्थितीवर उभी आहे.

तिचे कारण भूमितीत आहे. कोणत्याही दिशेने सरकविले आणि कितीही फिरविले, तरी ज्यांचा परस्परांशी सर्वत्र स्पर्श कायम राहतो, असे पृष्ठभाग केवळ गोलाचेच असू शकतात; म्हणून जेथे उंचवटा शिल्लक असेल तेथे दाब अधिक पडतो, तेथलीच काच आधी झिजते, आणि उंचवटे नाहीसे होता होता उरतो तो गोल. वरची काच पुढे सरकून बाहेर डोकावते तेव्हा तिचा मध्यभाग खालच्या काचेच्या कडेवर टेकतो आणि भार तेथे एकवटतो, म्हणून मध्य खोलावतो आणि कड खाली जाते. अट एकच असते, ती ही की हाताची गती यंत्रासारखी एकसुरी असता कामा नये. ठरावीक लांबीचा आणि ठरावीक दाबाचा घासा पुनःपुन्हा एकाच रीतीने पडत गेला, तर त्या सवयीचे वलय काचेवर उमटते. हात थोडा कमीजास्त, थोडा इकडेतिकडे पडत राहिला, तर सगळे दोष एकमेकांना खाऊन टाकतात. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचा हात या कामात माझ्या हाताइतकाच उपयोगी ठरला, तो या नियमामुळे.

माझा चरितार्थ संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यावर चालतो. जुने रेडिओ उघडणे, विद्युत्मंडले जोडणे, ग्रहणांची गणिते मांडणे हे व्यासंग लहानपणापासूनचे असल्यामुळे मुलगा चालू लागला तो माझ्या टेबलाभोवतीच. परंतु या सर्व उद्योगांत त्याचा वाटा बहुधा प्रेक्षकाचा राही. मी करावे, त्याने पाहावे, आणि सारे सिद्ध झाल्यावर बटण दाबण्याचा मान त्याला मिळावा, असा शिरस्ता पडून गेला होता. मला तो कधीच समाधानकारक वाटला नाही. खरे काम कोणते आणि मन राखण्यासाठी हाती दिलेले काम कोणते, यांतला भेद मुलांना फार लवकर उमगतो, आणि एकदा उमगला की त्यांचे लक्ष उडते. ज्यात त्याच्या श्रमावाचून वस्तू उणी राहील, असे काम मी शोधत होतो.

पुण्यात राहणाऱ्याला या विद्येचे वातावरण नवे नाही. १८८८ साली येथील विज्ञान महाविद्यालयात प्रा. कावसजी नेगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तिच्यातील २० इंची परावर्ती दुर्बीण पुढे कोडाईकनालला नेण्यात आली. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने हौशी आकाशनिरीक्षकांच्या कित्येक पिढ्या या शहरात घडविल्या. स्वतःच्या हाताने आरसा घासलेला माणूस येथे शोधला तर सापडतो, आणि असा माणूस प्रश्न विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही.

आम्ही घेतलेली काच १५० मिलिमीटर व्यासाची आणि २५ मिलिमीटर जाडीची. योजलेले नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. गच्चीवर एक लोखंडी पिंप वाळूने भरून घेतले, त्यावर जाड फळी ठोकली आणि खालची तबकडी लाकडी गुटक्यांमध्ये पक्की बसविली. पिंपाच्या चारी बाजूंनी फिरता आले पाहिजे, कारण काम करणाऱ्याने तबकडीभोवती प्रदक्षिणा घालीत राहणे हाच दोषनिवारणाचा उपाय आहे. आरशाची खोली किती हवी याचे गणित आम्ही दोघांनी वहीत मांडले. मध्यभागी अवघी १.१७ मिलिमीटर. म्हणजे एकंदर सुमारे १० घनसेंटिमीटर काच काढायची, आणि तिचे वजन २६ ग्रॅमच्या आसपास. मुलाने स्वयंपाकघरातल्या काट्यावर तितके मीठ मोजून पाहिले आणि विचारले, "बाबा, एवढ्याशासाठी एवढा खटाटोप?" मी म्हणालो, "काढायची थोडीच आहे रे, पण नेमकी तेवढीच आणि नेमकी तेथूनच काढायची आहे."

पहिली भुकटी ८० क्रमांकाची, साखरेहून थोडी बारीक. चमचाभर भुकटी आणि पाणी घालून घासायला लागले की प्रथम कर्कश आवाज उठतो, दात शिवशिवतात. मिनिटभरात कण फुटू लागतात, आवाज घोगरा होतो, आणि मग नुसता घुमतो. आवाज घुमू लागला की पाणी मारून चिखल पुसायचा आणि नवी भुकटी घालायची. केव्हा थांबायचे याचा निर्णय कानाने घ्यावा लागतो, आणि मुलाचा कान या बाबतीत विलक्षण तयार झाला. मी शेजारी बसून काही वाचीत असलो, तर आवाज बदलताच "झालं" एवढेच म्हणून तो हात थांबवी आणि पाण्याची बाटली उचली. काचेची आणि भुकटीची धूळ फुप्फुसांना अपायकारक असल्यामुळे काहीही कोरडे घासायचे नाही, हा एक नियम मात्र मी हुकमासारखा सांगितला होता, आणि तो त्याने माझ्यापेक्षा काटेकोरपणे पाळला.

खोली पुरेशी आली की नाही, हे पाहण्याची एक रीत फार मनोहर आहे. घासलेली काच दुधी असते, पण तिच्यावर पाणी शिंपडले की क्षणभर ती आरशासारखी वागते. अशी ओली काच सकाळच्या उन्हात धरून सूर्याची प्रतिमा सावलीतल्या पुठ्ठ्यावर पाडावी, आणि ती सर्वांत लहान आणि रेखीव होईल ते अंतर मोजावे. सूर्याचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश असल्यामुळे १२०० मिलिमीटरवर त्याची प्रतिमा ११ मिलिमीटरची होते. पुठ्ठ्यावरचा तो चकचकीत ठिपका मुलाने पेन्सिलीने गिरवून ठेवला. मी त्याला त्याचवेळी बजावले की हा प्रकाश पुठ्ठ्यावरच पाहायचा, डोळ्याने कधीही आरशात डोकवायचे नाही.

खरी कसोटी पुढे आहे. ८० नंतर १२०, २२०, ३२०, ५०० आणि मग अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पिठाळ भुकट्या. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीने पाडलेल्या खळ्या पुसायच्या असतात. आधीच्या जाड भुकटीचा एकच कण पुढच्या पायरीत शिरला, तर काचेवर ओरखडा उठतो आणि सारे मागे न्यावे लागते. त्यामुळे पायरी बदलताना पिंप, फळी, बादली, हात, नखे आणि अंगावरचे कपडे यांचा असा बंदोबस्त करावा लागतो की शस्त्रक्रियेच्या खोलीत तो शोभावा. हे खाते मी संपूर्णपणे मुलाकडे सोपविले. त्याने वहीत पायरीचा क्रमांक, घासण्याची मुदत, वापरलेली भुकटी आणि "धुतले" अशा चार रकान्यांचा जमाखर्च आखला, आणि चौथ्या रकान्यात खूण झाल्याशिवाय नवी पुडी उघडायला त्याची मंजुरी नसे. माझी नखे तपासून त्याने मला दोनदा परत मोरीवर धाडले आहे.

खळ्या शोधण्याच्या कामी तर त्याच्यावाचून माझे चालत नव्हते. भिंगाखाली दुधी काचेचे पृष्ठ खडबडीत मैदानासारखे दिसते. त्यात कोठे एखादी खळी शेजारणींहून मोठी राहिली असेल, तर ती मागल्या भुकटीची खूण समजावी. माझ्या डोळ्यांना चाळिशी लागून काही वर्षे झाली; ज्या खळ्या मला दिव्याचा कोन चार वेळा बदलूनही दिसत नसत, त्या तो भिंग टेकवताच सांगे, आणि काचेच्या पाठीवर निळ्या पेनाने ठिपका देऊन त्यांची जागा नोंदवून ठेवी. सगळे ठिपके निकालात निघेपर्यंत पायरी पुढे जात नसे.

या उद्योगाला बापलेकांची परंपराही आहे, आणि ती थोर आहे. हॅनोव्हरहून इंग्लंडात आलेला विल्यम हर्शेल हा बाथ शहरी संगीतावर पोट भरीत असताना घरीच तांबे आणि कथिल यांच्या मिश्रधातूचे आरसे ओतू आणि घासू लागला. घासणीत खंड पडू नये म्हणून एकदा तो १६ तास हात न उचलता बसला आणि त्याची बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवीत राहिली, ही तिनेच लिहून ठेवलेली हकीकत आहे. १३ मार्च १७८१ च्या रात्री त्याने घरामागच्या बागेतून, स्वतः घडविलेल्या सव्वासहा इंची आरशाच्या दुर्बिणीतून, जो ग्रह शोधला तो युरेनस. आमच्या आरशाचा व्यासही जवळपास तेवढाच आहे. १८२० मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे, या विल्यमने आपल्या देखरेखीखाली मुलगा जॉन याच्या हातून १८ इंची आरसा घडवून घेतला. दोन वर्षांनी विल्यम वारला, आणि जॉनने त्याच आरशाची दुर्बीण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला नेऊन १८३४ ते १८३८ या काळात दक्षिणेचे आकाश धुंडाळले. मला या हकीकतीतले अधिक मोलाचे वाटते ते हे, की वृद्ध पित्याने मुलाला तयार आरसा दिला नाही, घासायला लावला.

पॉलिश करण्याचा टप्पा वेगळा. खालच्या तबकडीवर वितळविलेल्या पिचचा, म्हणजे डांबरी राळेचा, थर ओतून त्यात चौकोनी चऱ्या पाडतात आणि थर कोमट असताना आरसा दाबून त्याचा आकार घेतात. पिच पेट घेणारा पदार्थ असल्यामुळे तो वितळविताना मी मुलाला दाराबाहेर बसविले. हा भाग त्याच्या वाट्याला आला नाही. पिच बोटाला घट्ट लागते, पण ते अत्यंत संथपणे वाहणारे द्रव्य आहे, आणि याच गुणामुळे ते आरशाच्या पृष्ठाशी सतत जुळवून घेते. पुण्याच्या एप्रिलमध्ये ते दुपारी इतके मऊ पडते की चऱ्या बुजून जातात; म्हणून काम उजाडण्यापूर्वी सुरू करून ऊन चढताच तहकूब करावे लागे. सिरियम ऑक्साइडचे फिकट गुलाबी पाणी घालून घासू लागले की दुधी काच मध्यापासून उजळत जाते, आणि एके पहाटे मुलाला तिच्यात गच्चीवरच्या दिव्याचे स्वच्छ प्रतिबिंब दिसले.

यानंतर लेआँ फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दिलेली परीक्षा. आरशापासून २४०० मिलिमीटरवर एक अतिसूक्ष्म प्रकाशबिंदू ठेवायचा, परतून येणारा प्रकाशाचा शंकू जेथे एकवटतो तेथे दाढीच्या पात्याची कड हळूहळू सरकवायची, आणि पात्यामागून आरशाकडे पाहायचे. पृष्ठ अचूक गोल असेल तर ते एकदम सारखे करडे होते. मिलिमीटरच्या दशसहस्रांश भागाएवढाही उंचवटा असेल, तर तो तिरप्या उन्हातल्या टेकडीसारखा सावलीसह उभा राहतो. मुलाला मी आरशावर अंगठा काही क्षण टेकवून ठेवायला सांगितले. त्याने अंगठा उचलला आणि पात्यामागे डोळा लावला तेव्हा त्याच्या अंगठ्याच्या ऊबेने फुगलेली काच त्याला प्रत्यक्ष दिसली. एक ठसठशीत टेंगूळ, जे पाहता पाहता ओसरत गेले. मग त्याने प्रकाशाच्या वाटेत नुसता तळहात धरला, तर तळव्यावरून वर चढणारी उष्ण हवा धुरासारखी वळसे घेताना दिसली. त्या रात्री त्याने घरातल्या सर्वांना हाताला धरून आणले आणि प्रत्येकाच्या तळव्याचा धूर पाहिला.

गोल सिद्ध झाला तरी काम संपत नाही, कारण ताऱ्यांचा समांतर प्रकाश एका बिंदूत आणायला अन्वस्ताकार पृष्ठ लागते. आमच्या मापाच्या आरशात गोल आणि अन्वस्त मध्यभागी जुळविले, तर कडेला त्यांच्यातला फरक मिलिमीटरच्या सुमारे तीन दशसहस्रांश भागांचा येतो. एवढ्या फरकासाठी हात मुद्दाम लांब, मुद्दाम तिरपे टाकावे लागतात. आजवर ज्या अनियमिततेने आपल्याला गोल दिला तिला आवर घालून, आता जाणीवपूर्वक गोलापासून दूर सरकायचे असते. हा भाग मी केला. परंतु प्रत्येक खेपेनंतर आरसा थंड व्हायला ठेवून वाचन घ्यायचे, ते त्याने आणि मी एकमेकांचे आकडे न पाहता घ्यायचे, असा आमचा करार होता. मध्य आणि कड यांच्या नाभींत २.३४ मिलिमीटरचे अंतर आले म्हणजे आरसा साधला. आमचे आकडे शेवटी त्याच्या अगदी जवळ येऊन स्थिरावले, आणि आरसा निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमचा थर चढविण्यासाठी रवाना झाला.

आता नळी, पंचेचाळीस अंशांतला छोटा आरसा आणि प्लायवुडची बैठक. सुतारकामाचा तो भाग सरळ आहे; त्याविषयी लिहिण्याजोगे फारसे नाही. डोळ्याच्या पूर्ण उघडलेल्या बाहुलीपेक्षा हा आरसा सुमारे साडेचारशेपट प्रकाश गोळा करील, हे गणित मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर मांडले, आणि त्याखाली रेघ मारून दुसरे मांडायला घेतले. आरसा २०० मिलिमीटरचा आणि नाभीय अंतर तेच ठेवले, तर किती काच काढावी लागेल? उत्तर आले ८२ ग्रॅम, म्हणजे आताच्या तिपटीहून अधिक. त्याने ते मला दाखविले आणि म्हणाला, "८० नंबरची भुकटी या वेळी जास्त आणावी लागेल." मी यादीत लिहून घेतले.