अँटवर्प येथील चौगुले यांच्या शर्यतीची वेळ

बिघा कोणत्या काठीनें मोजला हें कळल्यावांचून जुन्या दप्तरांतील जमिनीचा हिशेब लागत नाहीं. शर्यतींच्या जुन्या नोंदींचेंही तसेंच आहे. बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले सन १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्यें मॅरेथॉन शर्यतींत १९ वे आले. त्यांची वेळ २ तास ५० मिनिटें ४५.४ सेकंद. ही वेळ आजच्या वेळांशेजारीं मांडण्याचा मोह होतो. परंतु त्या शर्यतीची वाट ४२.७५० किलोमीटर होती, ४२.१९५ हें प्रमाण सन १९२१ मध्यें ठरलें. म्हणजे चौगुले ५५५ मीटर अधिक धावले. त्यांच्या सरासरी गतीनें किलोमीटरास सुमारें ४ मिनिटें पडतात. त्या मानानें जादा वाटेस सुमारें २ मिनिटें १३ सेकंद लागले असावेत. अर्थात् हें अनुमान होय, नोंद नव्हे. तें मूळ आंकड्याच्या जागीं न लिहितां टीपेंत द्यावें. विजयी कोलेमाइनेन (२ तास ३२ मिनिटें ३५.८ सेकंद) त्याच वाटेनें धावले, म्हणून दोघांतील १८ मिनिटें ९.६ सेकंदांचा फरक मात्र निःशंकपणें घेतां येतो. सबब संग्राहकांनीं अशा नोंदी उतरून घेतांना वेळ, अंतर व स्थळ हीं तिन्ही एकत्र टिपावीं.