जेलीसदृश प्लवकांचे सर्वेक्षण, खोल समुद्रातील

प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या ज्या प्राण्यांचे शरीर मऊ, बहुधा पारदर्शक व सु. ९५ टक्के पाण्याचे असते, त्यांना जेलीसदृश प्लवक म्हणतात. जेलीफिश, सायफोनोफोरा, टिनोफोरा, साल्प इत्यादींचा त्यांत समावेश होतो. वर्गीकरणदृष्ट्या हे गट परस्परांपासून दूरचे आहेत (साल्प तर पृष्ठवंशी प्राण्यांना अधिक जवळचे). शरीराची घडण तेवढी सारखी, आणि तिच्यामुळेच त्यांची गणना अवघड होते.

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत (१९६०–६५) विविध देशांच्या जहाजांनी एकाच प्रमाणित बनावटीचे जाळे वापरले. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ १ चौ. मी. व छिद्रे सु. ०·३३ मिमी. होती. ते २०० मी. खोलीपासून पृष्ठभागापर्यंत उभे ओढीत. नमुन्यांची निवड कोची येथील केंद्रात झाली; हे केंद्र पुढे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत (मुख्यालय दोना पावला, गोवा) समाविष्ट झाले. दूरदूरच्या भागांची तुलना या जाळ्यामुळे शक्य झाली. त्याखालच्या थरांसाठी १९९० नंतरच्या दशकात अरबी समुद्रात १,००० मी.पर्यंत बहुजाळी उपकरण वापरण्यात आले. त्यातील जाळी ठराविक खोलीवर एकामागून एक उघडतात व मिटतात. येथे सु. १५० ते १,००० मी. या पट्ट्यात ऑक्सिजन अत्यल्प असतो आणि अनेक जेलीसदृश प्राणी तशा पाण्यात तग धरतात. म्हणून या थराचे सर्वेक्षण विशेष महत्त्वाचे आहे.

जाळ्याचा मोठा दोष असा, की नाजूक प्राणी त्यात फाटतात. काही टिनोफोरा फॉर्मॅलिनमध्ये विरघळून जातात व नोंदीत त्यांचा मागमूसही उरत नाही. सायफोनोफोराच्या वसाहतीचे तुकडे होतात. ज्या कुलांत प्रत्येक वसाहतीला एक पुढची व एक मागची अशा दोनच पोहण-घंटा असतात, तेथे ज्या प्रकारच्या घंटा अधिक भरतील तितक्या वसाहती मानतात. जेथे घंटा अनेक असतात, तेथे हा हिशेब चालत नाही. परिणामी जुन्या जाळ्यांचे आकडे खऱ्या संख्येपेक्षा कमी असण्याचा संभव मोठा. जेलीफिश वाढत आहेत किंवा नाहीत, हा वाद केवळ अशा आकड्यांवर सोडविणे धोक्याचे होय.

१९७० नंतरच्या दशकात विल्यम हॅमनर व त्यांचे सहकारी खुल्या समुद्रात बुडी मारून हे प्राणी जिवंत न्याहाळू लागले. परंतु पाणबुड्याची मजल सु. ३० मी.पर्यंतच. १९८८ पासून कॅलिफोर्नियातील माँटेरी उपसागरात दूरनियंत्रित यान ठराविक खोलीवर आडवे चालवून चित्रण करण्यात येऊ लागले. चित्रचौकटीचे क्षेत्रफळ व कापलेले अंतर यांवरून तपासलेल्या पाण्याचे घनफळ आणि त्यावरून प्राण्यांची घनता काढतात. सु. ४० मी. लांबीची सायफोनोफोरा वसाहत अखंड दिसते ती अशा चित्रणातच. मात्र काही मिमी. आकाराचे पारदर्शक प्राणी कॅमेऱ्यालाही हुकतात, आणि प्रजाती निश्चित करण्यास बहुधा नमुना हाती असावा लागतो. त्यामुळे जाळे टाकून देता येत नाही. अलीकडे पाण्यातील डीएनए तपासून प्रजातींची उपस्थिती ओळखतात, तथापि त्यावरून संख्या खात्रीने सांगता येत नाही.

चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे दूरनियंत्रित यान २०१० मध्ये मध्य हिंदी महासागरात ५,२८९ मी. खोल उतरले, त्याचा मुख्य रोख मात्र तळावरील खनिजांकडे होता.